गिटारीच्या मानेचा बाक

मामंजी, तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांना पत्र लिहायचं कारण पडत नाही, आणि आपल्याला तर बोलायचंही कारण क्वचितच पडायचं. पाणी तापलंय, पान वाढलंय, कोणीतरी बाहेर आलंय, एवढं मी स्वयंपाकघराच्या दाराआडून सांगायची आणि तुम्ही "बरं" म्हणायचा. लग्न करून पाठवताना आईनं बजावलं होतं, सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तुम्ही काही विचारायचाच नाही, त्यामुळं ते मला फार सोपं गेलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा तुमचा फोटो मला माझ्यापेक्षा लहान माणसाचा वाटतो. तुमच्या थोरल्या बहीण आक्का, त्याही तुमच्या मागोमाग गेल्या. गेल्या श्रावणात तुमचा मुलगाही गेला. लढाईच्या दिवसांत, त्या एका उन्हाळ्यात आपल्या घरी काय चाललं होतं ते माहीत असणारी मी एकटीच उरले, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही बेळगावच्या कोर्टात शिरस्तेदार होता, पेन्शनीत निघालात तरी लोक तुम्हाला त्याच नावानं हाक मारायचे. घरातलं घड्याळ जरा मागं पडलं तरी तुम्हाला जेवण गोड लागायचं नाही. एकुलता एक मुलगा वकील व्हावा असं तुमच्या मनात होतं. त्यांनी कॉलेज अर्ध्यावर टाकलं आणि कॅम्पातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. ते तुम्ही कसंबसं गिळलंत. गिटार मात्र घशाखाली उतरली नाही. ती त्यांनी कॅम्पातल्या एका गोव्याच्या बँडवाल्याकडून जुनी आणली होती, आणि आणून गप्प बसले असते तरी बरं. त्यांनी टेलिफोनच्या डबीतलं लोहचुंबक काढलं, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे दिले, ते गिटारीच्या तारांखाली बसवलं आणि त्याची वायर रेडिओच्या पाठीमागं, ग्रामोफोन जोडायच्या भोकात घातली. मग बोटानं तार छेडली की आवाज लाकडातून न येता रेडिओतून यायचा, आणि केवढा यायचा. पहिल्या दिवशी बोळातली भाजीवाली डोक्यावरची बुट्टी तशीच धरून दारात उभी राहिली. "बाई, तुमच्या रेडिओत आज कोण बसलंय गं?" असं तिनं विचारलं. मला हसू आलं. तुम्ही आतून म्हणालात, "दार लावून घ्या."

पुढं त्या बँडवाल्याच्या मुलीचं लग्न झालं आणि तुमच्या मुलानं तिथं जाऊन गिटार वाजवली. तुम्हाला ते घरात कळलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण खडेबाजारात भर रस्त्यावर एका वकिलानं तुम्हाला थांबवून विचारलं, "शिरस्तेदार, चिरंजीव बँडात लागले म्हणं?" संध्याकाळी मी आमटी वाढत होते. तुम्ही पानावरून नजर न उचलता म्हणालात, "उद्या दारावर पाटी लावून टाकू. इथं वाजंत्री मिळतील." आवाज चढवला नाही, दुसरा शब्द बोलला नाहीत. त्यांनी हातातला घास परत पानात ठेवला आणि उठून हात धुतले. मी आमटीची वाटी धरून तशीच उभी. त्या दिवसापासून तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत, आणि लवकरच ते पलटणीत भरती झाले. जर्मन-जपान्यांशी लढाई चालली होती, वायरलेसचं काम येणारी माणसं सरकारला हवीच होती.

ते गेले तो दिवस मला अजून दिसतो. देवाला नमस्कार झालाय, आक्कांच्या पाया पडून झालंय, टांगा बोळाच्या तोंडाशी उभा आहे. तुम्ही माजघरात आमच्याकडं पाठ करून घड्याळाला किल्ली देताय. किल्ली द्यायला असा किती वेळ लागतो, मामंजी? तुम्ही देतच राहिलात. ते उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत राहिले, सोडून पुन्हा बांधल्या. आक्का माझ्याकडं बघत होत्या आणि मी खाली. शेवटी ते उठले. जाता जाता मला एवढंच म्हणाले, "गिटारीच्या तारा उतरवून ठेव. ताणलेल्या राहिल्या तर लाकूड वाकंल." मी त्याच दुपारी सगळ्या खुंट्या फिरवून तारा ढिल्या केल्या आणि गिटार बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवली. तुम्ही रोज तिच्याखालून जात होता, मान वर न करता.

त्यांची पत्रं माझ्या नावानं यायची. शाईनं खोडलेल्या ओळी, कुठल्या गावात आहेत त्याचा पत्ता नाही, आणि शेवटी "घरात सर्वांना नमस्कार." त्या "सर्वांना"मध्ये तुम्ही आहात की नाही हे तुम्ही विचारलं नाही. मी आक्कांना पत्र वाचून दाखवायची तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर उलटायचं थांबायचा. पत्र संपलं की पेपर परत खसखसायचा.

मग तो उन्हाळा आला. चैत्र सरत होता, ऊन इतकं कडक की दारांच्या फळ्यांना चिरा पडल्या. जेवणं आटोपली होती, आक्का आत पडल्या होत्या. मी भांडी घासून येत होते तर बाहेरून "झर्र" असा आवाज आला, कागदाच्या पुडीत माशी अडकावी तसा. तुम्ही गिटार खाली काढून मांडीवर घेतली होती. धूळ पुसायचं फडकं खांद्यावर. मला बघून तुम्ही ती ठेवून द्याल असं वाटलं, पण नाही ठेवली.

"पोरी, हे असंच वाजायचं काय गं?"

"न्हाय मामंजी. साफ यायचं. मीच तारा उतरवून ठेवल्यात."

"मग चढव की."

मी खाली बसले. तुमच्यासमोर बसायची ती पहिलीच वेळ. गिटारीतलं मला काही कळत नव्हतं, पण ते रोज वाजवायच्या आधी तारा कुठल्या सुरावर लावायचे ते कानात बसलं होतं. एकेक खुंटी फिरवत गेले. वरची बारीक तार गंजली होती, ती तटकन तुटली आणि तुमच्या हाताला लागली. तुम्ही बोट तोंडात घातलंत आणि "चालू दे" म्हणालात. बाकीच्या पाच चढल्या. मी जाड तार दाबून छेडली, तर सुराबरोबर तीच खरखर.

"अजून झर्रच म्हणतंय," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "मला तर आता बरं वाटलं."

तेव्हा मला कळलं की तुमच्या कानांना घड्याळाचे टोल ऐकू येतात, टिकटिक येत नाही. तुम्हालाही ते तेव्हाच कळलं की आधीपासून ठाऊक होतं, मी विचारलं नाही. जरा वेळानं तुम्ही म्हणालात, "बरं. मग ऐकायचं काम तुझं. हात माझे."

असं ते सुरू झालं. दुपारची जेवणं झाली, आक्का आडव्या झाल्या की तुम्ही गिटार काढायचा, आणि मी पदर सावरून चटईच्या टोकाला बसायची. तुमची रीत कोर्टाची. "सगळे साक्षीदार एकदम उभे केले की नुसता गोंगाट होतो. एकेकाला बोलवायचं." पहिल्यांदा तुम्ही रेडिओलाच बोलावलंत. वायर जोडली, दिवा लागला, आणि रेडिओ घूं करायला लागला. "ह्योच असंल चोर," तुम्ही म्हणालात. मी वायर काढली. घूं बंद झाली, पण तार छेडली तर लाकडाजवळ खरखर होतीच. म्हणजे घूं रेडिओची आणि खरखर गिटारीची, दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तुम्ही समाधानानं मान हलवलीत, जणू एक आरोपी सुटला.

मग आपण ढिलं काय आहे ते शोधलं. मी तार छेडायची आणि तुम्ही अंगठ्यानं एकेक वस्तू दाबून धरायचा. चुंबकाची डबी दाबली, काही फरक नाही. तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी दाबली, तरी नाही. वरच्या खुंट्यांच्या पट्टीवर बोट ठेवलंत आणि अर्धी खरखर गप्प झाली. तिथला एक बारका स्क्रू हलत होता. तो तुम्ही चष्म्याच्या पेचकसानं आवळलात. त्या दिवशी तुम्ही आक्कांना मुद्दाम चहाला उठवलंत.

आक्का थोरल्या, तुम्हाला बोलायचा हक्क फक्त त्यांचा. कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काय रं हे म्हातारपणी? सासरा-सून मिळून वाजवाय बसली म्हणतील लोक."

"वाजवत न्हाय आक्का. दुरुस्त कराय लागलोय."

"कुणासाठी?"

तुम्ही बशीत चहा ओतून घेतलात आणि फुंकर मारत राहिलात.

उरलेली खरखर जास्त चिवट होती. मोकळी तार छेडली तर आवाज बरा यायचा, पण मानेवरच्या पितळी पट्ट्यांत बोट दाबलं की जाड तारा झणझणायच्या. तुम्ही तुमच्या ऑफिसातली पट्टी आणलीत, आणि ती तीन-तीन पितळी पट्ट्यांवर आडवी टेकवून बोटानं हलवून बघू लागलात. एका ठिकाणी ती झुल्यासारखी डुगडुगली. तिथली मधली पितळी पट्टी एका टोकाला लाकडातून वर आली होती. उन्हानं लाकूड आक्रसलं की असं होतं, दाराच्या बिजागरीचे खिळे येतात तसे. तुम्ही माझा खलबत्त्यातला बत्ता मागितलात, त्याला फडकं गुंडाळलंत आणि हळू हळू ठोकून ती बसवलीत. मी तार दाबून बघितली. त्या जागेची खरखर गेली. पण वरच्या बाजूला, खुंट्यांकडच्या पहिल्या दोन-तीन पट्ट्यांत ती तशीच.

तिथं आपण बरेच दिवस अडलो. आणि अडलो म्हणूनच की काय, बोलणं दुसरीकडं वळायला लागलं. तुम्ही विचारायचा, "वाजवताना तो डोळे मिटायचा काय?" मी म्हणायची, "न्हाय, भिताडाकडं बघायचे." तुम्ही म्हणायचा, "त्याच्या आईला पण ती सवय होती, दळताना." मी सासूबाईंना पाहिलं नव्हतं, तुमच्या तोंडून त्यांच्याविषयी ते पहिलं वाक्य. एकदा तुम्ही घड्याळाची गोष्ट सांगितलीत. ते लहान असताना तुम्ही कोर्टातून घरी आलात तर भिंतीवरचं घड्याळ जमिनीवर उघडून पडलेलं, चाकं चटईवर. तुम्ही हातातल्या छत्रीनं मारलंत त्यांना. ते रडत रडत परत जोडत बसले.

"जोडलं?" मी विचारलं.

"जोडलं. बरोबर चाललं. पूर्वी दिवसाला जरा मागं पडायचं, ते पण पडंना झालं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

तुम्ही बराच वेळ पट्टी हातात फिरवत राहिलात. "काय म्हणायचं? मारून झालं होतं."

मानेतला दोष मला सापडला, आणि तोही माहेरच्या आठवणीनं. मी कोगनोळीची. माझ्या वडलांकडं गाडीचं जू नवीन करून आलं की ते एक डोळा मिटून त्याच्या टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचे, बंदूक धरल्यासारखं, आणि बाक असला तर लगेच सांगायचे. मी म्हणाले, "मामंजी, जरा माझ्याकडं द्या." घोडीकडचं टोक डोळ्याजवळ धरून मानेवरून नजर टाकली. मान सरळ नव्हती. मधोमध फुगली होती, मांजरानं पाठ वर करावी तशी. तारा त्या फुगवट्याला घासत होत्या. तुम्ही बघितलंत. चष्मा काढून परत बघितलंत.

"तारा ताणलेल्या राहिल्या तर वाकंल म्हणाला होता न्हवं तो?"

"व्हय. म्हणून मी उतरवल्या."

"आणि वर्षभर ओढच न्हाय म्हटल्यावर उलटीकडं वाकली." तुम्ही गिटार मांडीवर आडवी ठेवलीत. "तिची काय चूक? ती ओढ धरूनच बसलेली असतीय."

उपाय सोपा होता, तारा पुऱ्या ताणून ठेवायच्या आणि ती ओढ मानेला हळूहळू सरळ करील तोवर थांबायचं. घोडीखाली तुम्ही बांबूची एक पातळ पाचर तासून सारलीत, तारा थोड्या उचलल्या जाव्यात म्हणून. पण ताणायला तारा तर हव्यात. असलेल्या गंजलेल्या, एक तुटलेली. खडेबाजारात तुम्ही दुकानं पालथी घातलीत. लढाईमुळं माल बंद होता, मिळाल्या त्या सतारीच्या, त्या इतक्या बारीक की मानेला जागही आली नसती. मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोट घातलात, टोपी घातलीत, आणि कुठं निघालात ते न सांगता गेलात. जेवणवेळ टळली तेव्हा आक्का दारात जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही आलात ते घामानं भिजून, आणि कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं तारांचं भेंडोळं काढून माझ्यासमोर ठेवलंत.

"कुठं मिळाल्या?" आक्कांनी विचारलं.

"कॅम्पात. त्या बँडवाल्याकडं."

ज्याच्या मुलीच्या लग्नावरून हे सगळं झालं त्याच्या घरी तुम्ही पायी गेला होता. मी पान वाढलं. तुम्ही जेवता जेवता थांबून म्हणालात, "त्यानं मला खुर्ची दिली. चहा दिला. मी प्यालो." मग जरा वेळानं, "त्या लग्नात आमच्या यानं वाजवलं तेव्हा माणसं नाचायची थांबून ऐकत उभी राहिली म्हणं. तो म्हणाला, तुम्ही पाहिजे होता." तुम्ही भाताचा गोळा केलात, तो तसाच ठेवलात आणि ताक मागितलंत.

त्याच दुपारी नव्या तारा चढल्या. जाड तार छेडली तर ती चुंबकाच्या डबीला खाली घासत होती, म्हणून तुम्ही डबी जराशी खाली घेतलीत. आणि त्या संध्याकाळी, तारांच्या जुन्या कागदाची घडी घालता घालता, तुम्ही म्हणालात, "खरखर पुरती गेली की मीच त्याला दोन ओळी लिहीन म्हणतो." मी मान हलवली. मला एवढा आनंद झाला की मी आत जाऊन आक्कांना सांगितलं, आणि आक्कांनी देवापुढं साखर ठेवली.

पहिला पाऊस पडून गेल्यावर एके दिवशी मी तुम्हाला म्हणाले, "मामंजी, आता साफ आहे." तुम्ही दौत काढून ठेवलीत. पण त्याच आठवड्यात त्यांचं कार्ड आलं, की पलटण हलते आहे, नवा पत्ता कळवीपर्यंत पत्र पाठवू नये. दौत परत कपाटात गेली. नवा पत्ता आला तो दिवाळी उलटून गेल्यावर. मी तो तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "आता कशाला? येऊ दे त्याला. आल्यावर त्याचं त्यालाच कळू दे. तू पण लिहू नको, पोरी." तुमच्या आवाजात ती उन्हाळ्यातली धिटाई उरली नव्हती. रोज गिटार पुसून तुम्ही ती अडकवून ठेवायचा, तारा ताणलेल्या.

लढाई संपली, आणि पुढं बऱ्याच महिन्यांनी ते आले. वाळलेले, काळे पडलेले, मधेच ऐकता ऐकता कुठंतरी बघत बसणारे. तुम्ही बाहेर येऊन "प्रवास बरा झाला?" म्हणालात, ते "व्हय अण्णा" म्हणाले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी गिटार काढली. तुम्ही माजघरात पेपर धरून बसला होता, मी तुम्हा दोघांच्या मधल्या दारात तांदूळ निवडत होते. त्यांनी तारा लावल्या, खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबून बघितली. मग घोडीपाशी वाकले, पाचरीवरून बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हिला कुणी हात लावला?"

पलटणीतल्या माणसाचा आवाज होता तो, सवयीचा. पण तुमच्या हातातला पेपर खाली आला. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही हळूच मान हलवलीत, नको म्हणून. आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणालात, "मला काय म्हाईत. कोण लावतंय तिला हात."

पाचर अंगठ्यानं परत एकदा दाबून ते म्हणाले, "कुणी का केलं असंना. काम चांगलं केलंय." आणि वाजवायला लागले. तुम्ही पेपर परत तोंडापुढं धरलात. रात्री तुम्ही एक भाकरी जास्त खाल्लीत. मला वाटलं होतं आता कधीतरी निघेलच बोलणं. दोघंही एका घरात आहेत, घाई कसली आहे. तुम्ही दोघं हवापाण्याचं बोलायचा, रेशनच्या तांदळाचं बोलायचा, इंग्रज कधी जाणार त्याचं बोलायचा. मी रोज वाट बघायची.

इंग्रज गेल्याचं तुम्ही बघितलं नाहीत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तुम्ही दोन दिवसांत गेलात. दहावा-बारावा उरकल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, बत्त्याचं, पट्टीचं, कॅम्पातल्या चहाचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या शाळेच्या पाटीची चौकट त्यांनीच अशी पाचर मारून बसवली होती. त्या हातचं काम मला कळणार न्हाय होय?"

"मग बोलला का न्हाय?"

"ते सांगतील म्हणून थांबलो होतो."

त्या दिवशी आणि त्यानंतर आयुष्यभर त्यांनी एवढंच सांगितलं. पुढं त्यांनी स्वतःचं रेडिओचं दुकान काढलं, मुलं झाली, बेळगाव कुणाचं यावरून गावात काय काय झालं. आमच्या कोगनोळीपाशी आता राज्याची हद्द आहे, गाड्या थांबवून बघतात. गिटार शेवटपर्यंत घरात राहिली. ती पाचर त्यांनी काढली नाही, मान सरळ होऊन तिची गरज संपली होती तरी.

आता जे सांगायला हे एवढं लिहिलं ते सांगते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, मी मुलांनाही दाखवणार नाही, चुलीत घालीन. मामंजी, खरखर पावसात गेली नाही. कॅम्पातल्या तारा चढवून तुम्ही डबी खाली घेतलीत आणि आठवडाभर मान ओढ धरू दिलीत, त्यानंतरच एका दुपारी ती पुरती गेली होती. उन्हाळा अजून सरायचा होता. मी सगळ्या तारा, सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या, कुठंही काही नव्हतं. तुम्ही पेचकस हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होता. तुमच्या कानांना काही कळणार नव्हतं, मी सांगीन ते खरं. ते वाद्य मला कधीच फारसं आवडलं नाही. पण साफ म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आपण कशाला बसलो असतो? तुम्ही परत पेपर घेऊन बाहेर आणि मी परत दाराआड. त्या घरात माझ्याशी बसून बोलणारं माणूस तुम्हीच होता, मामंजी. तुम्ही दोन ओळी लिहिणार आहात हे मला ठाऊक होतं. पत्र काय, पाऊस लागल्यावर लिहितील, असं मनाशी म्हणाले.

"अजून जरा वाजतंय, मामंजी," मी म्हणाले.

तुम्ही चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवलात आणि म्हणालात, "असू दे. उद्या बघू."